वाडीपर्यंत न पोहोचणारी सोय

जनगणना म्हटली की बहुतेकांच्या मनात एकच प्रश्न उभा राहतो: देशाची लोकसंख्या किती वाढली? वृत्तपत्रांचे मथळे त्याच आकड्याचे असतात आणि शाळा-महाविद्यालयांतील निबंधही त्याच आकड्याभोवती घोटाळत राहतात. परंतु जनगणना खाते या आकड्याखेरीज आणखी एक मोलाचे काम करीत असते व त्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. १९५१ च्या जनगणनेपासून प्रत्येक जिल्ह्याची स्वतंत्र पुस्तिका प्रसिद्ध करण्याची प्रथा आहे. या जिल्हा जनगणना पुस्तिकेतील ग्रामसूचीत जिल्ह्यातील प्रत्येक महसुली गाव नावानिशी दिलेले असते आणि त्या नावापुढे त्या गावच्या सोयींची नोंद असते. शाळा आहे काय, दवाखाना आहे काय, पिण्याचे पाणी कशाचे, टपाल कोठे, एस.टी. येते काय, रस्ता पक्का की कच्चा, वीज आहे की नाही. सोय गावात नसेल तर ती किती लांब मिळते, हेही पाच किलोमीटरच्या आत, पाच ते दहा आणि दहाच्या पलीकडे अशा तीन गटांत नमूद केलेले असते. ग्रामीण जीवनाचे इतके तपशीलवार चित्र दुसऱ्या कोणत्याही सरकारी प्रकाशनात क्वचितच सापडेल.

२०२१ साली व्हावयाची जनगणना लांबली. १६ जून २०२५ रोजी केंद्र सरकारने काढलेल्या अधिसूचनेनुसार तिचा संदर्भदिन १ मार्च २०२७ हा ठरला आहे. म्हणजे दोन गणनांमधील अंतर दहा वर्षांऐवजी सोळा वर्षांचे होणार. जातींची गणना, मतदारसंघांची फेररचना आणि राज्याराज्यांतील लोकसभेच्या जागा यांवर या निमित्ताने पुष्कळ बोलले जात आहे, आणि ते बोलले जाणे स्वाभाविकही आहे. परंतु ज्या ग्रामसूचीवरून गावांना सोयी मिळतात अथवा नाकारल्या जातात तिच्याविषयी मात्र कोठे अवाक्षर नाही. माझ्या मते खेड्यातील सामान्य माणसाच्या दृष्टीने तोच या गणनेतील सर्वांत निकडीचा भाग आहे. हे का, ते रत्नागिरी जिल्ह्याच्या उदाहरणावरून पाहू.

उतरता आकडा

२००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढून ११ कोटी २३ लाखांवर गेली. ठाणे जिल्हा तर ३६ टक्क्यांनी वाढला. त्याच दशकात राज्याच्या तत्कालीन ३५ जिल्ह्यांपैकी तीन जिल्ह्यांची लोकसंख्या मात्र प्रत्यक्षात घटली. त्यांतील एक मुंबई शहर. तेथील घट ही महानगराच्या पोटातील हालचाल होय, माणसे दक्षिण मुंबईतून उपनगरांत गेली. उरलेले दोन जिल्हे म्हणजे रत्नागिरी व सिंधुदुर्ग. रत्नागिरीची लोकसंख्या १६ लाख ९६ हजार ७७७ वरून १६ लाख १५ हजार ६९ वर आली, घट ४.८ टक्के. सिंधुदुर्गाची ८ लाख ६८ हजार ८२५ वरून ८ लाख ४९ हजार ६५१ वर आली, घट २.२ टक्के. दहा वर्षांत या दोन जिल्ह्यांतून एक लाखाहून अधिक माणसे वजा झाली.

या घटीमागे रोगराई नव्हती की दुष्काळही नव्हता. जन्म मृत्यूंपेक्षा अधिक होत होते. तरीही माणसे कमी भरली, याचा अर्थ निघून जाणाऱ्यांची संख्या नैसर्गिक वाढीलाही पुरून उरली. हे मागास अथवा अशिक्षित जिल्हे आहेत असेही नाही. २०११ मध्ये रत्नागिरीत साक्षरतेचे प्रमाण ८२ टक्क्यांवर व सिंधुदुर्गात ८५ टक्क्यांवर होते. माणसे शिकली आणि गेली.

कोकणी माणसाचे मुंबईस जाणे आजचे नव्हे, असे यावर कोणी म्हणेल. ते खरेच आहे. १८८० साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरच्या रत्नागिरीविषयक खंडातही पोटासाठी मुंबई गाठणाऱ्यांची दखल घेतलेली आहे. गिरणगाव ज्यांनी वसविले त्यांत रत्नागिरी जिल्ह्याचा वाटा फार मोठा होता, आणि पुढे कित्येक दशके जिल्ह्याचे अर्थकारण मनिऑर्डरीवर चालत राहिले. मग २००१ नंतर निराळे असे काय घडले?

आधी पुरुष गेले, मग घरे गेली

या प्रश्नाचे उत्तर स्त्री-पुरुष प्रमाणाच्या आकड्यांत शोधता येते. रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या दशकानुदशके हजारांहून अधिक राहिली आहे. २०११ मध्ये राज्याचे प्रमाण ९२९ असताना रत्नागिरीचे ११२२ होते, राज्यात सर्वाधिक. यात स्त्रीजन्माच्या स्वागताचा भाग किती हे बाजूस ठेवू. मुख्य कारण उघड आहे. कर्ता पुरुष मुंबईत आणि आई, बायको, मुले गावी, अशी ही विभागलेली कुटुंबे होती. भात लावणे, गुरे सांभाळणे, देवाधर्माचे आणि भाऊबंदकीचे व्यवहार पाहणे ही सारी कामे गावात राहिलेल्या स्त्रियांच्या शिरावर होती. पुरुष गणपतीला व शिमग्याला यायचा आणि शेवटी निवृत्त होऊन घरी परतायचा. माणसे जात, पण घर उघडे राही.

परंतु हाच आकडा २००१ मध्ये ११३६ होता, तो २०११ मध्ये ११२२ वर उतरला. सिंधुदुर्गात तर तो १०७९ वरून १०३६ पर्यंत खाली आला. एकूण लोकसंख्या घटत असताना स्त्रियांचे प्रमाणही घटावे याचा मला लागणारा अर्थ असा की आता केवळ पुरुष जात नाही, कुटुंबच्या कुटुंब जाते. पुरुष जात होता तो रोजगारासाठी. त्याला मागे ओढून धरण्याची शक्ती गावच्या शाळेत वा दवाखान्यात नव्हती आणि तशी अपेक्षाही कोणी केली नव्हती. कुटुंब जाते तेव्हा मात्र कारणांच्या यादीत रोजगाराबरोबर आणखी काही गोष्टी येतात. मुलीची दहावीनंतरची सोय काय, बाळंतपण अडले तर गाडी कोठून आणायची, सासूच्या छातीत रात्री कळ आली तर डॉक्टर किती लांब, हे प्रश्न घरातील स्त्रीच्या मनातले असतात. वसई-विरार, डोंबिवली वा दिवा येथील एका खोलीचा तिला मोह पडतो तो शहराच्या झगमगाटामुळे पडतो असे समजणे हा तिच्या शहाणपणाचा अपमान होय.

लोकसंख्या आणि गावच्या सोयी यांचा संबंध आपण नेहमी एकाच दिशेने लावतो: माणसे वाढली की सोयी अपुऱ्या पडतात. रत्नागिरीत तो उलट दिशेनेही लागतो. सोयी अपुऱ्या, म्हणून माणसे कमी. आणि माणसे कमी, म्हणून सोयी आणखी अपुऱ्या. या साखळीचा दुसरा दुवा आपोआप जुळलेला नाही. तो आपल्याच नियमांनी जुळविलेला आहे.

माणशी हिशेब

आपल्याकडे बहुतेक सार्वजनिक सोयी दरडोई हिशेबाने दिल्या जातात. आरोग्य उपकेंद्रासाठी सपाट प्रदेशात ५ हजार आणि डोंगराळ, आदिवासी वा दुर्गम भागात ३ हजार लोकसंख्येचा निकष आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी अनुक्रमे ३० हजार व २० हजार. २००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत सर्वसाधारण प्रदेशातील वस्तीला जोडरस्ता मिळण्यासाठी ५०० लोकसंख्येची अट होती, डोंगरी राज्ये, वाळवंट व आदिवासी क्षेत्रे यांच्यासाठी २५० ची. २०२१ ते २०२६ या काळात पंधराव्या वित्त आयोगाने स्थानिक स्वराज्य संस्थांचा निधी राज्याराज्यांत वाटताना लोकसंख्येला ९० टक्के व क्षेत्रफळाला १० टक्के भार दिला, आणि ही लोकसंख्या होती २०११ ची.

वरवर पाहता यात अन्याय्य असे काही दिसत नाही. प्रत्येक माणसामागे सारखी सोय, याहून समान न्याय तो कोणता? परंतु सोयीचा उपभोग माणूस आपल्या घरी बसून घेत नाही, तिच्यापर्यंत त्याला चालत जावे लागते. २०११ मध्ये महाराष्ट्राची लोकसंख्येची घनता दर चौरस किलोमीटरला ३६५ होती, रत्नागिरीची १९७. पाच हजार माणसे गोळा होण्यास राज्याच्या सरासरी घनतेने सुमारे १४ चौरस किलोमीटर प्रदेश पुरतो. रत्नागिरीत त्यासाठी २५ चौरस किलोमीटर लागतो. ज्या गडचिरोलीची घनता अवघी ७४ आहे, तेथे ३ हजारांचा सवलतीचा निकष लावूनही एका उपकेंद्राच्या वाट्याला ४० चौरस किलोमीटर येतात. तात्पर्य, निकष दरडोई समान असला तरी त्यातून मिळणारी सोय समान राहत नाही. विरळ वस्तीच्या माणसाने त्याच सोयीसाठी अधिक पायपीट करावी असा त्या समानतेचा अर्थ होतो. नकाशावरील चौरस किलोमीटर सपाट असतात. सह्याद्रीच्या उतारावरील नसतात, ही गोष्ट निराळीच.

१९८४ साली प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने महाराष्ट्राच्या प्रादेशिक असमतोलाचा अहवाल दिला आणि 'अनुशेष' हा शब्द आपल्या राजकीय भाषेत रुळला. राज्याच्या सरासरीपेक्षा कोणता जिल्हा किती मागे आहे हे आकड्यांत मांडण्याची शिस्त त्या अहवालाने लावली, हे त्याचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु जिल्ह्यांची तुलना करताना जिल्ह्याच्या आत काय चालले आहे ते झाकले जाते. सरासरीने पुढे असलेल्या तालुक्यात मागे पडलेले गाव असते, आणि सर्व सोयींनी युक्त अशा गावात एकही सोय न पोहोचलेली वाडी असते.

'आहे' या शब्दाचा अर्थ

देशावरच्या वाचकाला येथे थोडे स्पष्टीकरण द्यावयास हवे. घाटावरचे गाव एका गावठाणात दाटीने वसलेले असते. कोकणातील गाव तसे नसते. एकच महसुली गाव दहा-दहा, पंधरा-पंधरा वाड्यांत विखुरलेले असते; एक वाडी खाडीकाठी, दुसरी सड्यावर, तिसरी डोंगराच्या कुशीत, बौद्धवाडी एका टोकाला आणि धनगरवाडा तर पार कड्याखाली. दोन वाड्यांच्या मध्ये पऱ्ह्या असतो, चढ-उताराची पाखाडी असते. जनगणनेच्या ग्रामसूचीत मात्र गाव ही एकच ओळ असते. त्या ओळीत शाळेच्या रकान्यात 'आहे' असे आले की पंधराही वाड्यांना शाळा मिळाली.

काही वर्षांपूर्वी पदवीच्या विद्यार्थ्यांना घेऊन मी राजापूर तालुक्यातील एका गावी गेलो होतो. नाव सांगण्याचे कारण नाही, कारण अशी गावे नऊही तालुक्यांत आहेत. ग्रामसूचीप्रमाणे त्या गावाला काहीही कमी नव्हते. शाळा, उपकेंद्र, नळपाणी, वीज, पक्का रस्ता, साऱ्या रकान्यांत होकार. आम्ही पक्का रस्ता जेथे संपतो तेथून खाली उतरलो, पऱ्ह्या ओलांडला, पलीकडची पाखाडी चढलो आणि पाऊण तासाने वरच्या वाडीत पोहोचलो. पऱ्ह्यावरचा साकव आदल्या पावसाळ्यात गेलेला होता. वाडीतील निम्म्याहून अधिक घरांना कुलपे होती. एका अंगणात एक वृद्ध बाई कुळीथ पाखडत बसल्या होत्या. त्यांना रक्तदाबाचा विकार होता, आणि गोळ्या मुंबईहून मुलगा येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर धाडीत असे. "आजी, उपकेंद्रात गोळ्या फुकट मिळतात, तेथे जात नाही का?" असे एका विद्यार्थ्याने विचारले. त्या म्हणाल्या, "उतरेन मी बाबा, पण मग मला वर चढवणार कोण?"

कोणत्याही रकान्यात न बसणारे असे हे उत्तर आहे. उपकेंद्र आहे, ते पाच किलोमीटरच्या आतही आहे, औषध आहे आणि ते मोफत आहे. केवळ ज्या माणसाला त्याची गरज आहे त्याच्यापर्यंत ते पोहोचत नाही. आणि घटत्या लोकसंख्येच्या जिल्ह्यात मागे राहणारी माणसे प्रामुख्याने हीच असतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गात साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण राज्याच्या सरासरीपेक्षा बरेच अधिक आहे. तरुण निघून गेल्यामुळे डोकी कमी झाली, पण दर डोक्यामागे दवाखान्याची गरज वाढली. आपला निकष डोकी मोजतो. त्याला गरज दिसत नाही.

पाण्याची कथा याहून वेगळी नाही. ज्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो त्याच जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत वाड्यांना टँकरने पाणी द्यावे लागते. जांभा दगड पाणी धरून ठेवीत नाही आणि तीव्र उतार ते थेट समुद्रात पोहोचवितो. त्यातही टँकर जातो तो रस्ता असलेल्या वाडीला. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मोहिमेने दरडोई दररोज ५५ लिटर पाणी घरोघरी नळाने देण्याचे उद्दिष्ट ठेवले. उद्दिष्ट स्तुत्य आहे. परंतु दहा घरांच्या वाडीपर्यंत चढावर नळ नेण्याचा माणशी खर्च हा सपाटीवरील दोनशे घरांच्या वस्तीच्या अनेक पट असणार, हे उघड आहे. दरडोई खर्चाची कात्री लावली की सर्वप्रथम हीच वाडी कापली जाते.

शाळा आणि फिरणारे चक्र

स्वीडिश अर्थशास्त्रज्ञ गुन्नार मिर्दाल यांनी मागासलेपणाचा विचार करताना चक्राकार, साठत जाणाऱ्या कार्यकारणभावाची कल्पना मांडली होती. एका घटकात बदल झाला की तो दुसऱ्या घटकाला त्याच दिशेने ढकलतो, दुसरा पुन्हा पहिल्याला ढकलतो, आणि आपोआप समतोल साधण्याऐवजी घसरण वाढत जाते. विद्यार्थ्यांना ही कल्पना समजावून देण्यासाठी मला आता परदेशी उदाहरणांची गरज पडत नाही. वाडीवरची शाळा पुरेशी आहे.

१ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत व सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी, असे नियम आहेत. आपल्या साऱ्या सार्वजनिक सोयींत अंतराला स्पष्ट स्थान देणारा असा नियम विरळाच. परंतु पटसंख्येची घसरण सुरू झाली आणि या नियमाला दुसऱ्या बाजूने भगदाड पडले. २०२३ मध्ये राज्य शासनाने २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' उभारण्याचे प्रस्ताव मागविले, तेव्हा राज्यात अशा शाळा चौदा हजारांहून अधिक असल्याचे व त्यांत सुमारे एक लाख ८५ हजार मुले शिकत असल्याचे पुढे आले. कोकणातील वाड्या-वस्त्यांवरील शाळा या यादीत मोठ्या प्रमाणावर असणे अपरिहार्यच होते.

आता चक्र कसे फिरते ते पाहा. वाडीतील चार कुटुंबे मुंबईस गेली, पट बारावर आला. पट घटला म्हणून शिक्षक एकच उरला. तो बैठकीला गेला की शाळा बंद. म्हणून आणखी दोन पालकांनी मुलांना तालुक्याच्या गावी ठेवले. पट सहावर आला, शाळा मिटण्याच्या यादीत गेली. शाळा मिटली तेव्हा लहान मूल असलेले शेवटचे कुटुंब निघाले. पुढे मुले नाहीत म्हणून अंगणवाडी नको, प्रवासी नाहीत म्हणून वस्तीची एस.टी. नको, शिधापत्रिका कमी म्हणून दुकान नको. प्रत्येक निर्णय त्या त्या कार्यालयाच्या दृष्टीने काटकसरीचा आणि नियमास धरून असतो. कोणीही गाव उठविण्याचा निर्णय घेतलेला नसतो. गाव मात्र उठते.

एक रास्त आक्षेप

या विवेचनावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो टाळून चालणार नाही. सरकारी पैसा मर्यादित आहे. सहा मुलांसाठी शाळा आणि दहा घरांसाठी रस्ता चालवायचा तर तोच पैसा वसई-विरारच्या वा पिंपरी-चिंचवडच्या गर्दीतील हजारो मुलांच्या वाट्याचा कमी होणार. शिवाय ज्यांना जायचे आहे त्यांनी जावे, त्यात गैर काय? अर्थशास्त्राचा अध्यापक या नात्याने मी हा आक्षेप रास्त मानतो. स्थलांतर हे पाप नव्हे. मुंबईने कोकणी माणसाला जे दिले ते त्याचे शेत कधीही देऊ शकले नसते. सहा मुलांची एकशिक्षकी शाळा ही मुलांच्या दृष्टीनेही आदर्श नव्हे. खेळायला सोबती नाही आणि स्पर्धेला जोडीदार नाही, अशा वर्गात मूल कोमेजते. गावे आहेत त्या संख्येने आणि त्या आकाराने सदैव टिकलीच पाहिजेत असा हट्ट धरण्यात भावनेचा भाग अधिक असतो.

परंतु स्वेच्छेने जाणे आणि राहणे अशक्य झाल्यामुळे जाणे यांत फरक आहे. पहिल्यात माणूस दोन पर्यायांतून एक निवडतो. दुसऱ्यात त्याच्यापुढे पर्याय उरलेला नसतो. काटकसरीचा हिशेबही वाटतो तितका सरळ नाही. वाडीतील कुटुंब महानगराच्या कडेला येऊन राहिले की त्याचे पाणी, शाळा, लोकलगाडीतील जागा आणि सांडपाणी यांचा खर्च कोणाला तरी करावाच लागतो. तो दुसऱ्या खात्यावर पडतो एवढेच. आणि जी वृद्ध माणसे कोठेच जाऊ शकत नाहीत ती या देशाची पूर्ण नागरिक आहेत. त्यांची संख्या कमी आहे हे त्यांच्या हक्काचे माप होऊ शकत नाही. २०२० च्या टाळेबंदीत महानगरातून हजारो माणसे याच गावांकडे परतली, तेव्हा त्यांच्या चाचणीचा, विलगीकरणाचा, शिधावाटपाचा भार याच तुटपुंज्या उपकेंद्रांनी आणि ग्रामपंचायतींनी वाहिला, हेही विसरता येत नाही.

काय करता येईल

प्रत्येक वाडीत सर्व सोयी द्या, अशी मागणी करणे सोपे व निरर्थक आहे. करता येण्याजोग्या गोष्टी थोड्या आहेत आणि त्या साध्या आहेत.

पहिली, मोजमापाची. २०२७ च्या ग्रामसूचीत महसुली गावाबरोबर वाडी हेही नोंदीचे एकक असावे. सोय गावात आहे की नाही याबरोबरच सर्वांत दूरच्या वाडीपासून तिथे पायी पोहोचण्यास किती मिनिटे लागतात, आणि पावसाळ्यात ती वाट चालू असते काय, हे दोन रकाने वाढविले तर आजचे अर्धे 'आहे' आपोआप 'नाही' होतील. जे मोजले जात नाही त्याच्यासाठी तरतूद होत नाही, हा अंदाजपत्रकाचा अलिखित नियम आहे.

दुसरी, निकषाची. विरळ वस्तीच्या तालुक्यांत निधी वाटताना क्षेत्रफळाला व वृद्धांच्या संख्येला आजच्यापेक्षा पुष्कळ अधिक भार दिला पाहिजे. केंद्राच्या पातळीवर हे घडण्यास वेळ लागेल. परंतु जिल्हा परिषदेच्या आणि जिल्हा नियोजन समितीच्या हातातील निधीपुरते ते आजही करता येण्याजोगे आहे.

तिसरी, माणूस सोयीकडे जाऊ शकत नसेल तर सोय माणसाकडे नेण्याची. फिरता दवाखाना ही कल्पना जुनी आहे. ती फसते ती अनियमिततेमुळे. महिन्यातील ठरलेल्या वारी, ठरलेल्या झाडाखाली परिचारिका गोळ्या घेऊन येईलच अशी खात्री वाडीला पटली पाहिजे. रेशन, टपाल आणि पेन्शन याच वारी, याच गाडीने येऊ शकतात. चार खात्यांच्या चार फेऱ्यांऐवजी एक फेरी लागेल, आणि ती करणे कोणालाही परवडेल.

चौथी, क्रमाची. शाळा एकत्र करावयाच्याच असतील तर आधी गाडी, साकव आणि पावसाळी वाट, मग विलीनीकरण, हा क्रम बंधनकारक असावा. आज आधी कुलूप लागते आणि गाडीचा प्रस्ताव मागाहून फिरत राहतो. एक साकव बांधण्याचा खर्च शाळेच्या इमारतीच्या मानाने किरकोळ असतो, परंतु त्यावरून मूल शाळेत जाते, आजारी माणूस उपकेंद्रात जातो आणि परतही येतो.

शेवटी, ज्यांच्यासाठी हा लेख लिहिला आहे त्या वाचकांविषयी. जनगणनेचे प्रगणक म्हणून उन्हातान्हात फिरतात ते बहुतांशी प्राथमिक व माध्यमिक शिक्षक आणि सरकारी कर्मचारी. ग्रामसूचीतील रकाने भरले जातात ते गावच्या आणि तालुक्याच्या दप्तरांवरून, आणि ती दप्तरे लिहितात ते कारकून. 'आहे' आणि 'नाही' यांतील निवड अखेर यांच्याच लेखणीतून उतरते. या कामाचा मोबदला अपुरा आहे, ते मूळ कामात व्यत्यय आणते, या तक्रारी खऱ्या आहेत व त्यांची तड लागली पाहिजे. तरीही एवढे सांगावेसे वाटते की या वेळी त्या रकान्यात शब्द लिहिण्यापूर्वी एकदा शेवटच्या वाडीपर्यंत चालून यावे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनीही आपापल्या गावच्या वाड्यांची एक यादी करावी. घरे किती, उघडी किती, पाणी कोठून आणतात, दवाखान्यात जाण्यास किती वेळ लागतो, एवढे चार प्रश्न पुरेत. ती यादी ग्रामसभेपुढे ठेवावी आणि तिची प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरी नोंदवून घ्यावी. एकदा दप्तरी गेलेला कागद सहजासहजी नाकारता येत नाही, हे आपल्या कारभाराचे वैशिष्ट्य आपल्याही कामी यावे.

वरच्या वाडीतील त्या बाई २०२७ च्या गणनेत एक आकडा म्हणून मोजल्या जातील. ते पुरेसे नाही. त्यांच्या अंगणापासून औषधापर्यंतचा चढ-उतारही त्याच कागदावर यावा, एवढेच या लेखाचे मागणे आहे.